माझा चार, टॅबचा आठ

हॅलो? … हॅलो, वैनी? मी राजश्री… अवो, राजश्री, दवाखान्यातनं. … व्हय, भवानी पेठेतनंच बोलतीय. … माझं जेवण ऱ्हाऊ द्या हो. आईला इंजेक्शन दिलं का तुमी?

… कालचं ते. इन्सुलिनचं. जेवायच्या आधी द्यायचं म्हणून काल संध्याकाळी व्हिडिओवर शिकवलं न्हाय का तुमाला? ते दिलं, का द्यायचंय अजून?

… दिलं.

… किती वाजता?

… सव्वाअकरा. … व्हय, आज पौर्णिमा हाय, ठाऊक हाय मला. आई अष्टशील पाळती, बाराच्या आत जेवण उरकायचं असतं. … बरोबर केलं तुमी. वैनी, आता नीट ऐका आन नीट आठवून सांगा. सुईवर किती आकड्यापर्यंत भरलं होतं औषध?

… अवो, दुखलं न्हाय, रक्त आलं न्हाय, तुमचा हात बी कापला न्हाय, सगळं झ्याक केलं तुमी. मी आकडा विचारतीय.

… आठ.

… हाय, हाय. फोनवरच हाय मी. काय न्हाय झालं मला.

… कागदावर आठच छापलंय, व्हय. तुमचं काय चुकलं न्हाय वैनी. कागद चुकलाय. चार पायजे होतं. … व्हय. दुप्पट गेलं.

… न्हाय, रडायचं न्हाय. रडायला मागनं लई येळ हाय. आईला फोन द्या आधी. … म्हंजे? घरात न्हाय?

… विहारात.

… किती येळ झाला जाऊन? … पावणेबाराला निघाली. आता बारा वाजून वीस मिंटं झाली. … आन जेवली किती? खरं सांगा. … चतकोर? चतकोर भाकरी आन शेंगाची चटणी? … पोट जड झालं की ध्यानात झोप येती म्हणाली. आन तुमी काय म्हणला न्हाय? … बरं, बरं. तुमाला तरी काय म्हाईत. मीच सांगायला पायजे होतं, पौर्णिमा असली तरी पोटभर जेवायचं म्हणून.

… सांगते, ऐका. औषध दुप्पट, जेवण चतकोर. म्हंजे रक्तातली साखर खाली खाली जाणार. आधी घाम येतो. मग हातपाय थरथरतात. मग माणूस भलतंच बोलतंय, आन मग झोपल्यासारखं पडतंय. येळंवर साखर पोटात गेली तर पंधरा मिंटात उठून बसतंय. न्हाय गेली तर… गेलीच पायजे.

… न्हाय, संध्याकाळपर्यंत कशाची वाट बघताय! वैनी, ती तितं डोळे मिटून बसलीय. आजूबाजूच्या बाया म्हणणार, भीमाबाईचं ध्यान लागलंय. कोण हात लावणार न्हाय तिला. ध्यान लागलंय का शुद्ध गेलीय, लांबनं दोन्ही सारखंच दिसतंय. कळलं का?

… मग उठा. साखर घ्या डब्यातनं.

… न्हाय? साखर न्हाय घरात? … कुणी सांगितलं काढून टाका म्हणून?

… मी. … व्हय, काल मीच सांगितलं. … गूळ बी? समदं शेजारच्या काकूला दिलं? … मग जावा की शेजारी! मागा परत. त्यात लाजायचं काय? वाटीभर साखर, तांब्याभर पाणी, एक पेला, एक चमचा. आन ती बोटातलं रक्त बघायची मशीन घ्या, निळ्या पिशवीतली. फोन ठेवू नका. कानाला लावूनच जावा. काय बी झालं तरी ठेवायचा न्हाय.

… चालत ऱ्हावा वैनी, डॉक्टर आलेत. … हो सर. लागला फोन. … आठ युनिट गेलंय सर. सव्वाअकराला. नंतर चतकोर भाकरी, बस. … घरी नाही, विहारात बसलीय. वहिनी निघालीय साखर घेऊन. … हो, शुद्धीवर असेल तरच तोंडाने. नसेल तर एकशेआठ. सांगते. … सर, बाकीच्यांना तुम्ही लावाल का दवाखान्याच्या फोनवरून? काल मी पाच जणांच्या कागदावर इन्सुलिनचा चार लिहिलाय. आई एक, हे गुरुसिद्धप्पा मास्तर समोर उभे आहेत. राहिले तीन. … हो, टॅबवरच आहेत नंबर.

… हॅलो, वैनी? हाय का? … काकू काय म्हणतीय? … चहा न्हाय प्यायचा तिच्याकडं! साखर घ्या आन निघा. … कशाला पायजे म्हणून विचारतीय तर मागनं सांगा.

… निघाला? पाण्याचा तांब्या घेतला? … बरं. चला भराभर. मला तर पाच मिंटाचीच वाट आठवतीय. … फाटकाच्या अलीकडनं जावा, पलीकडनं नको, गाडी आली तर अडकाल. … आन एक ध्यानात ठेवा. हाक मारून ओ दिली न्हाय, डोळे उघडले न्हाईत, तर तोंडात एक थेंब बी घालायचा न्हाय. कुशीवर निजवायचं आन मला सांगायचं. मी हितनं गाडी पाठवते. … तसं होणार न्हाय. मी नुसतं सांगून ठेवतीय.

… कसं झालं म्हणता? तुमी चालत ऱ्हावा, मी बोलत ऱ्हाते. महिना झाला, सरांनी टॅब घेतलाय. पाटीएवढा हाय. त्यावर पेननं आपल्या हातानं लिहायचं आन तो त्याचं छापील अक्षर करतोय. सर तोंडानं सांगणार, मी लिहिणार, कागद छापून बाहेर. आणून देणारा माणूस म्हणाला, शंभरात अठ्ठ्याण्णव बरोबर येतंय. … व्हय, लई हाय की. पण आमच्याकडं दिवसाला साठ-सत्तर माणूस येतंय वैनी. उरलेल्या दोघांत कोण बसलंय ते कुणी सांगितलं न्हवतं.

… फाटक दिसलं? … बरं, चला.

… चुकायचा, पैल्यापासनं चुकायचा. पण ते चुकणं दिसायचं. मी मराठीत एक काढला की तो नऊ वाचायचा. नऊ गोळ्या सकाळी, नऊ रात्री! सगळा दवाखाना हसला. होटगी लिहिलं की हॉटेल करायचा. आपल्या आईचा पत्ता काय, तर मुक्काम पोस्ट हॉटेल. आन गंमत अशी, सरांचं अक्षर औषधाच्या दुकानवाल्याला कळत न्हाय, पण हा टॅब घडाघडा वाचतोय. मला शाळंत सुंदर अक्षराचं बक्षीस मिळालेलं, माझंच अडखळत वाचणार. सर म्हणाले, लिहीत राहा, शिकेल तो तुझा हात. आन शिकला बी. एकाचा एक व्हायला लागला. हॉटेलची होटगी झाली. मग आमी बघायचं सोडलं. वेडी चूक डोळ्यात भरती वैनी, शहाणी चूक गप बसती. नऊ गोळ्या कुणी खात न्हाय. आठ युनिट कुणी बी घेतंय.

… धाप लागली? थांबू नका. हळू चला पण थांबू नका.

… पोचला? … जावा आत. … चपला काढा, व्हय, पण लवकर.

… कुजबुजू नका, मला ऐकू येत न्हाय. कुटं बसलीय? … खांबाजवळ. ताठ. डोळे मिटलेले. … कोण म्हणतंय हात लावू नका? … त्यांना सांगा, तिच्या लेकीनं सांगितलंय, दवाखान्यातनं. … वैनी, लाजू नका! समद्यांचं ध्यान मोडलं तर मोडू द्या, मी येऊन एकेकीची माफी मागते. हाक मारा आईला. जोरात.

… परत.

… परत मारा. खांदा हलवा. … भिजलंय? काय भिजलंय? … मान. पोलकं बी. … डोक्यावर पंखा हाय का? … चालू हाय. चालू असून एवढा घाम. हात बघा तिचा. … गार. वैनी, हलवा तिला. आई म्हणा, भीमाबाई म्हणा, काय बी म्हणा…

… उघडले? डोळे उघडले? … काय बोलली? … काय?

… 'यशवंता शाळंतनं आला का' म्हणून विचारतीय.

… चेष्टा न्हाय ती! दादा एक्केचाळीस वर्षांचा बाप्या झालाय, रेल्वेत नोकरीला हाय, हे तिच्या डोक्यात न्हाय आता. साखर उतरलीय. पेल्यात पाणी घ्या, चार चमचे साखर घाला. ढवळत बसू नका. आधी थुकी गिळ म्हणावं तिला, गिळती का बघा. … गिळली? मग लावा पेला व्हटाला.

… का? … तोंड मिटून घेतलं? … काय म्हणतीय?

… 'बारा वाजून गेले.'

… आई गं.

… वैनी, लेक शाळंत का कामावर हे कळंना तिला, पण बारा वाजून गेल्यालं कळतंय. … न्हाय, जबरदस्ती करू नका, ठसका लागंल. भंतेजी हायत का तितं? … इकडंच येतायत? मग फोन स्पीकरवर टाका. … टाकला?

… भंतेजी, वंदामि. मी भीमाबाईंची मुलगी, राजश्री. … हो. तिला कालच इन्सुलिन चालू केलंय, आज चुकून दुप्पट गेलं. आत्ता साखर पोटात गेली नाही तर तिच्या जिवाला धोका आहे. आणि ती बारानंतर काही घेत नाही म्हणतेय. माझं ऐकणार नाही ती. तुमचं ऐकेल. … साखरेचं पाणी आहे, भंतेजी. औषध म्हणूनच. … हो. तुम्हीच सांगा तिला. मी थांबते.

… 

… वैनी? काय झालं? … ऐकतीय का त्यांचं? … मान हलवली. … पितीय?

… वैनी, बोला की. पितीय का?

… सगळं? पेलाभर? … दुसरा करा. तसाच. … द्या, द्या, घोटघोट द्या. … सांडलं तर सांडू द्या.

… आता बोटाला टोचा. बोट आधी धुऊन पुसून घ्या, साखर लागली असंल तर मशीन खोटं बोलंल. बोटाच्या बाजूला टोचायचं, मधी न्हाय. पट्टीवर थेंब. … किती आलं?

… शेहेचाळीस. … न्हाय, बरं न्हाय. सत्तरच्या खाली यायचंच नसतं. पण साखर आत्ताच गेलीय, चढंल. … सर, शेहेचाळीस. दोन पेले गेलेत. बोलतेय ती. … हो, पंधरा मिनिटांनी परत.

… वैनी, पंधरा मिंटं थांबायचं. भिंतीला टेकवून बसवा. झोपू देऊ नका, बोलती ठेवा. आन फोन ठेवू नका. … बॅटरी किती हाय? … अठ्ठावीस. पुरंल.

… दादाला? लावतायत. गुरुसिद्धप्पा मास्तर त्यांच्या फोनवरनं लावतायत. … मास्तर, उचलला का? … कामावर असला की उचलत नाही तो. लावत राहा जरा, उपकार होतील.

… पेशंट हायत आमचे. रिटायर शिक्षक. ह्यांच्यामुळंच कळलं वैनी. मघाशी कागद घेऊन आले आन म्हणाले, बाई, डॉक्टर काल तोंडानं चार म्हणाले, कागदावर आठ कसे? मी टॅब उघडला. खाली माझ्या हातचा चार तसाच जपून ठेवलेला असतोय, वर त्याचा छापील आठ. मास्तरांनी चष्मा पुसला, बघितलं, आन म्हणाले, तुमच्या चाराचं तोंड मिटलेलं आहे बाई, त्याला इंग्रजी आठ वाटणारच. मग मी यादी खाली सरकवली. तिसरं नाव आईचं.

… तसाच तुमाला फोन लावला. लई भ्याले वैनी. अजून भ्यालेलीच हाय.

… व्हय, मिटलेलाच असतोय माझा चार. लहानपणापासनं. … कुणी म्हंजे? आईनंच शिकवला. मी पैलीत होते आन ती प्रौढशिक्षणाच्या वर्गाला जायची. एका पाटीवर दोघी. मी चाराचं तोंड उघडं ठेवलं की म्हणायची, राजे, वरनं गाठ मार, न्हायतर सांडंल. … हसताय का रडताय? … माझं बी तसंच झालंय.

… घाम थांबला का? … थोडा. आन हात? … अजून गार. किती मिंटं झाली? … सहाच?

… हां सर. … दोघं लागले? बरं झालं. … शंकरप्पाकाका उचलत नाहीत? … ते अनोळखी नंबर उचलतच नाहीत सर. माझाच नंबर आहे त्यांच्याकडं, 'दवाखान्याची बाई' म्हणून. … हो, ह्याच फोनचा. … सर, आईची साखर वर आलेली बघते आणि लगेच लावते. ते दोनच्या आत जेवत नाहीत, काल स्वतःच म्हणाले. अजून एक वाजायचाय. … माहीत आहे. माहीत आहे मला सर.

… तुमाला न्हाय वैनी, सरांशी बोलतीय. … तिला विचारा काय तरी. नातवाचं नाव विचारा. … सांगितलं? बरोबर सांगितलं? … हां.

… काय म्हणालात सर? … 'डोस बदललाय' असं सांगू? … म्हणजे कागद चुकला असं नाही म्हणायचं. … मग टॅबची चूक म्हणू? … सर, आजपर्यंत तुमच्या शब्दाबाहेर गेले नाही. पण टॅबला आई नाही, मला आहे. मी खरं काय ते सांगणार. आईला पण आणि शंकरप्पाकाकांना पण. … रागवा. नंतर रागवा सर, आत्ता नको.

… वैनी? हॅलो? आवाज तुटतोय… हॅलो! … हां, हाय. दाराजवळ या जरा. … किती झाली मिंटं? … पंधरा झाली. टोचा परत. दुसऱ्या बोटाला. पुसलं का बोट?

… किती?

… परत सांगा.

… अठ्ठ्याऐंशी. सर, अठ्ठ्याऐंशी! … वैनी, वाचली बघा आई. वाचली. … पण नुसत्या पाण्यावर परत उतरंल, पोटात काय तरी गेलं पायजे. भाकरी नको म्हणंल… केळं आणलं भंतेजींनी? त्यांना माझं वंदामि सांगा. … आईला द्या फोन.

… आई? … व्हय, मीच. राजी. … कसं वाटतंय गं? … तोंड गोडमिट्ट झालंय. होणारच. … आता कळतंय का कुटं हायस ते? … आन दादा कुटं हाय? … कामावर. बरोबर. … काय न्हाय, असंच विचारलं.

… तुझं शील मोडलं न्हाय. भंतेजी म्हणले न्हाईत का, आजाऱ्याला औषध चालतंय म्हणून? … मग आज केळं बी औषधच. सगळं खा. मोडलं असंल तर माझ्या नावावर घाल.

… न्हाय, वैनीला बोलू नको. तिची काय बी चूक न्हाय. तिनं कागदावरचं दिलं, आन कागद मी केला. … ऐक, आई. त्या टॅबनं चाराचा आठ केला खरा. पण तो गुपचूप करत न्हाय. करून दावतोय. खाली हिरवी खूण येती, बरोबर हाय का म्हणून विचारतोय. मी न बघता बोट ठेवलं तिच्यावर.

… का न्हाय बघितलं?

… सांगू? … तू होतीस म्हणून.

… बाहेर रांग लागली होती. तू आत आलीस आन दोघीजणी म्हणाल्या, बाईचं घरचं माणूस आलं, आता बसा तासभर. मला लागलं ते. म्हणलं, माझ्या आईला कुणापेक्षा जास्त येळ दिला असं कुणी म्हणायला नको. घाईत सगळ्यांचंच झालं, पण तुझ्या येळी तर मी मान बी वर केली न्हाय. आन वैनीला सुई धरायला शिकवली, आकडा सांगितलाच न्हाय. कागदावर हाय म्हणलं.

… असं नको म्हणू आई.

… वैनीनं विचारलं होतं तुला? पैल्याच दिवशी आठ जास्त न्हाय का म्हणून? … आन तू काय म्हणलीस?

… 'राजीनं लिहिलंय, चुकायचं न्हाय.'

… न्हाय रडत. … बरं, रडतीय. रडू दे की जरा.

… चार? तू शिकवला तसाच काढला, वर गाठ मारून. … न्हाय, न्हाय, तुझी चूक कशी? तुझ्या त्या चारावर मी हितवर आले. पाटी तुझी, शाळा तुझी. आता आकडा अक्षरात बी लिहीन. तोंडानं सांगीन, आन समोरच्याला परत म्हणायला लावीन. एकेकाला. रांग बोंबलू दे.

… कुणाला? बाकीच्यांना? … काल पाच जणांना लिहिला. चौघांचं निस्तरलं. एक ऱ्हायलाय, अक्कलकोट रोडचे शंकरप्पाकाका. … उचलत न्हाईत ते. माझाच नंबर वळखतात. … लावते की. तुझं केळं संपू दे.

… तुझ्याच वयाचे असतील. … एकटेच ऱ्हातात. स्वतःच टोचून घेतात.

… दोनला जेवतात. येळ हाय अजून. … एकला पाच कमी. … भूक लागली तर आधी बी जेवतील, व्हय. खरं हाय तुझं. पण दोन मिंटं बोल ना आई. तुझं बोलणं ऐकायचंय मला, सरळ बोलतीस तेवढं ऐकायचंय.

… काय म्हणलीस?

… 'काल माझ्यापायी घाई, आज माझ्यापायी उशीर.'

… व्हय.

… व्हय, आई. कळलं. … मग तू ठेव आधी. … मी कशी ठेवू? मघापासनं वैनीला ठेवू नका, ठेवू नका म्हणून वरडतीय मी.

… वैनीला सांग, तुझ्याजवळनं हलायचं न्हाय. अर्ध्या तासानं परत टोचायचं. मला आकडा लिहून पाठवायचा न्हाय, फोन करून तोंडानं सांगायचा. उद्याचं इंजेक्शन मी येऊन देते. … व्हय, चारच. चार.

… उचलतील. माझं नाव दिसलं की उचलतील.

… बरं.

… ठेवते.